चढावर काढलेली हवा

आश्विन अर्ध्यावर आला की आमच्या पेडण्यात दुपारचं ऊन वेगळंच पडतं. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास रस्त्यावर येऊन बसतो. परवा म्हापशाला निघाले होते. धारगळच्या अलीकडे तो वास गाडीत शिरला आणि माझे डोळे आपोआप तापमानाच्या काट्याकडे गेले. या नव्या गाडीला काटाच नाही. गाडी थंड असेपर्यंत एक निळा दिवा लागतो आणि गरम झाली की विझतो. तरी मी त्या विझलेल्या जागेकडे बघत बघत बरीच वाट गेले. शेवटी मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

चार वर्षांपूर्वीचा आश्विन मी जीपच्या बॉनेटखाली वाकून काढला, त्याची ही खोड. भाई जाऊन आता दीड वर्ष होईल. जीपही विकली. पण भात कापायला लागले की माझे कान गाडीत पाण्याचा आवाज शोधायला लागतात, आणि तो आला नाही तरी बरं वाटत नाही, आला तर काय करू हेही कळत नाही.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. उमेदीची सगळी वर्षं त्यानं डिचोलीच्या खाणींवर खनिजाचे ट्रक चालवले. खाणी बंद पडल्या तेव्हा एक जुनी डिझेल जीप घेतली आणि माणसं नेली-आणली. वहिनी गेल्या, मूलबाळ नव्हतं, मग तो माझ्याकडे राहायला आला. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली बाई. आम्हा दोघांचं बरं चाललं होतं. मग त्याच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीन दिवस दुपारी एक वाजता म्हापशाच्या हॉस्पिटलात त्याला डायलिसिसच्या मशीनवर घालणं हेच आमच्या घराचं पंचांग झालं. जीप चालवायला मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. शिकवणारा तोच, बाजूच्या सीटवर बसून, अखंड बोलत.

डॉक्टरांनी त्याला पाणी मोजून दिलं होतं. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा, पेज, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं आलं. जास्त झालं तर अंगात साठायचं, पाय सुजायचे, श्वास लागायचा. आणि बरोबर त्याच दिवसांत जीप पाणी प्यायला लागली. भाईच्या पायांशी पाच लिटरचा कॅन असायचा. त्यातलं पाणी जीपच्या रेडिएटरला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या जाळीच्या टाकीला. ऑक्टोबरच्या उन्हात तहानेनं ओठ सुकलेला माणूस भरलेला कॅन पायांत धरून बसलेला असायचा आणि वर मलाच चिडवायचा, "गाडीक दोन लिटर, माका दोन घोट. पुढच्या जल्माक जीपच जातलंय बाय मी." मी हसायचे. रात्री मात्र ते आठवून मला रडू यायचं.

पाणी जात होतं हे नक्की. कुठे जात होतं ते कळत नव्हतं. मी विज्ञानाची बाई, मी ठरवलं की शोधायचंच. संध्याकाळी जीपखाली कोरे पुठ्ठे पसरायचे आणि सकाळी चहाआधी ते बाहेर काढून उजेडात बघायचे. एक थेंब नाही. रबराच्या पायपांच्या सगळ्या जोडांना मी शाळेतला खडू किसून लावला. कुठे नुसता ओलावा फुटला असता तरी खडूवर रेघ उमटली असती. खडू चार दिवस जसाच्या तसा, पांढराफटक. झाकणाचं रबर बघितलं, पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवून बघितलं. सगळं कोरडं ठणठणीत. आणि सकाळी झाकण उघडावं तर पाणी वीतभर खाली गेलेलं. घरात आम्ही दोघं, फाटकाला कुलूप. मी झाकण हातात धरून त्या काळ्या भोकात बघत उभी राहायचे, आणि खरं सांगते, आत कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

त्याहून वाईट तो आवाज. गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून घोट घेतल्यासारखा आवाज यायचा. सलग नव्हे. एक घोट, मग थांबणं, मग दोन घोट, अगदी तहानलेलं माणूस तांब्या तोंडाला लावून पितं तसं. भाई काचेतून समोर बघत राहायचा. त्याचा गळाही त्या आवाजाबरोबर हलायचा. एकदा मी म्हापशाला गाडी उभी करून चावी काढली, तो आत गेला, मी पर्स शोधत मागे राहिले, आणि बंद गाडीत शांतपणे आणखी तीन घोट झाले. मी दार उघडून उन्हात उतरले आणि पुन्हा आत डोकं घालायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या गावाच्या शिमेवर एक चढ आहे. लहानसाच, पण उभा. चढाच्या मध्यावर सातवीण आहे आणि तिच्या बुंध्याशी एक काळा दगड. तो शिमेच्या देवचाराचा. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. देव नव्हे आणि भूतही नव्हे. हातात काठी घेऊन शिमेवरून फिरतो असं लहानपणापासून ऐकलेलं. जाता-येता लोक त्याला विडी ठेवतात, कुणी दारूची धार घालतात. सातवीण आश्विनातच फुलते. तो उग्र वास डोक्यात चढतो आणि दुपारच्या बाराला तर तिथे एक पाखरू बोलत नाही. आम्ही घरून निघायचो पावणेबाराच्या सुमाराला, आणि त्या चढावर पोचेपर्यंत जीप तापलेली असायची. काटा लाल पट्टीला टेकायचा, बॉनेटमधून वाफेचा फुसकारा, आणि गाडी बरोबर सातविणीखाली उभी.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी आधी घड्याळ बघितलं. मशीनची वेळ चुकली तर काय होतं ते मला माहीत होतं. भाई मात्र सावकाश उतरला. "घाबरू नको. वीस मिनटां दी तेका. गरम झाकणाक हात लावशीत तर तोंड भाजतला." तो विडी घेऊन दगडाशी गेला, कॅनमधलं ओंजळभर पाणी दगडावर ओतलं आणि हात जोडून पुटपुटत राहिला. मग मला ओला फडका झाकणावर धरायला लावला. पाव फेरा, थांब, फुस्स होऊ दे, मग पुरता काढ. इंजिन सुरू करून मी बारीक धार धरून पाणी ओतलं. आत बुडबुडे आले. एकेक मोठा बुडबुडा वर येऊन फुटायचा आणि पाणी एकदम खाली बसायचं, की मी परत ओतायचे. "ओत. आजून ओत. हवा अडाकली असा ती भायर येवंक व्हयी. दोन्ही पायपांक हात लाव बगू."

"वरचो गरम असा, खालचो थंड," मी म्हटलं.

"मगे आजून हवा असा मधी. खालचो गरम जाय सर थांब."

खालचा पाइप गरम झाला तेव्हा बुडबुडे बरेच कमी झाले होते. झाकण लावलं, गाडी काढली, आणि ती तिथून म्हापशापर्यंत काही कुरकुर न करता गेली. काटा मध्यावर, घोटांचा आवाज बंद. परत येतानाही शहाण्यासारखी आली. दोन दिवसांनी पुन्हा तोच चढ, तीच जागा, तीच वाफ, तीच विडी, आणि पुन्हा पुढे सगळं सुरळीत.

असं पाच-सहा वेळा झाल्यावर माझ्यातली विज्ञानाची बाई गप्प बसली. मी स्वतःच घरून विडीचं बंडल घ्यायला लागले. दगडावर ओतायचं पाणी वेगळ्या बाटलीत, गाळून. ज्या बाईनं तीस वर्षं मुलांना बाष्पीभवन शिकवलं, ती दगडावरचं पाणी क्षणात दिसेनासं होताना बघून मनात म्हणायची, प्यायलास ना, आता गाडी सोड. वरून काळा पडला तरी जांभ्या चिऱ्याच्या जातीचा तो दगड पाणी शोषणारच, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मागच्या खेपेला ठेवलेल्या विड्या जागेवर नसायच्या, आणि त्या कुणी उचलल्या असतील याचा विचार मी त्या वासात, त्या शांततेत उभी असताना करू शकत नव्हते. आजही मी तिथे उभी राहून तो विचार करणार नाही.

भाईचं पुटपुटणं मी कधी ऐकलं नाही. मी बॉनेटखाली असायचे. मला वाटायचं, तो वाट नीट जाऊ दे म्हणत असेल.

त्याच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, मशीनच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेनं दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या होत्या. तिथे बोट ठेवलं की कातडीखाली सारखी गुणगुण लागायची. एकदा चढावर थांबलो असताना त्यानं माझी बोटं तिथे ठेवली. "बग, हेचा इंजिन कसा चालता." मी हात मागे घेतला. गाडी बंद होती, पाखरं गप्प होती, आणि माझ्या बोटांच्या टोकांना ती गुणगुण बराच वेळ लागून राहिली.

दसरा झाला. शेतं मोकळी व्हायला लागली. रस्त्याच्या कडेला पोरांनी दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुरांचे सांगाडे उभे करायला घेतले, बांबूचे, धड झालेले आणि डोकं अजून नसलेले. ऊन तापलं की त्यांच्या फासळ्यांच्या सावल्या रस्त्यावर पडायच्या आणि मी त्यांच्यावरून गाडी न्यायचे. अशाच एका दुपारी चढ पार करून आम्ही हमरस्त्याला लागलो, आणि कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे मला आनंदाची गोष्ट दिसली. काटा खाली येत होता. मध्यावरून पाव, पावावरून अगदी तळाला. इतकी थंड ही गाडी मी कधी पाहिली नव्हती.

"भाई, बग, थंड झाली!"

भाईनं काट्याकडे बघितलंही नाही. त्याचा हात सरळ हीटरच्या खटक्याकडे गेला. गोव्यात हीटर कुणी लावत नाही. तो का लावतोय हे मला कळेना. त्यानं डॅशबोर्डच्या जाळीसमोर तळवा धरला. आतून गार वारा आला. ऑक्टोबरच्या उन्हात, तापलेल्या इंजिनाच्या गाडीत, विहिरीतून यावा तसा गार वारा माझ्या गुडघ्यांना लागला आणि माझ्या अंगावर काटा आला.

"बंद कर! बंद कर गो! पाणी नाय आत!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की मी तशीच कडेला घेऊन चावी फिरवली. हीटर पाण्याचीच ऊब बाहेर फुंकतो आणि काटा तीच ऊब मोजतो. पाणीच संपलं की तो हवेत लोंबकळतो आणि थंडी दाखवतो. इंजिन आत लाल होत असतं आणि काटा तळाला निवांत पडलेला असतो. हे त्यानं मला रस्त्याच्या कडेला, धापा टाकत, शांतपणे समजावून सांगितलं.

आम्ही बस धरली. पोचायला उशीर झाला, मशीनचा एक तास कमी पडला. ऐकायला एक तास. पण त्या एका तासाचं पाणी त्याच्या अंगात राहिलं आणि दोन दिवस तो आडवा होऊ शकला नाही, खुर्चीत बसून श्वास ओढत राहिला. मी त्याच्या समोर बसून होते. ही गाडी आणखी एकदा अशी थांबली तर माझा भाऊ जाईल, हे तेव्हा मला पहिल्यांदा सरळ शब्दांत दिसलं.

जीप ओढून धारगळच्या गॅरेजात नेली होती. तिथला कल्लाप्पा बेळगावकडचा, पन्नाशीचा, तोंडात पान, हात कोपरापर्यंत काळे. भाई घरी खुर्चीत. मी एकटीच गेले. कल्लाप्पानं पुढची दोन्ही चाकं चिऱ्यांवर चढवली, जीपचं नाक आभाळाकडे केलं, पाणी गळ्यापर्यंत भरलं आणि झाकण न लावताच इंजिन सुरू केलं.

"नाक वर का केलं?" मी विचारलं.

"हवा वर चढती की वो बाई. झाकण सगळ्यात वर ठेवायचं, म्हंजे ती वाट धरून भायेर येती."

मी तिथेच पडलेल्या टायरवर बसले. चढ. जीप दर वेळी चढावर नाक वर करून थांबत होती आणि मी नेमकं तिथेच झाकण उघडत होते. देवचार नव्हे, चढ हवा सोडत होता. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

बुडबुडे येत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. "अडकलेली हवा आसती तर आतापातूर सरली आसती," कल्लाप्पा म्हणाला. "ही सरत न्हाई बगा. म्हंजे आतनंच येतीय. वास घ्या." मी वाकले. पाण्याला डिझेलच्या धुराचा वास होता. "हेडखालचं, म्हंजे इंजिनाच्या वरच्या टोपणाखालचं, गॅस्केट फुटलंय. त्या फटीतनं धूर पाण्यात शिरतोय आन् पाणी इंजिनात जाऊन जळतंय. सकाळी धूर पांढरा येत आसंल. भुईवर थेंब कुटनं पडणार?"

पाणी कुठे जातं ते असं कळलं. इतके दिवस जे कुणीतरी पीत होतं ते इंजिनच होतं, आणि ते आपल्यालाच जाळून घेत होतं.

"लवकर का नाही कळलं हे आम्हाला," मी स्वतःशीच म्हटलं.

कल्लाप्पानं पान थुंकलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "तुमच्या भावाला ठावं हाय की. चवथीच्या आदीच घिऊन आल्ते कुणालातरी संगं. हितंच, आसंच नाक वर करून दावलं मी त्यास्नी. म्हटलं, आठ दिस गाडी ठेवा. तर म्हणले, ऱ्हाऊ दे कल्लाप्पा, चालंल तवर चालंल."

गणेशचतुर्थीच्या आधी म्हणजे दोन महिने. पुठ्ठे, खडू, सकाळी झाकण धरून माझं ते उभं राहणं, हे सगळं तो खिडकीतून बघत होता आणि त्याला माहीत होतं. गॅरेजच्या दारात ऊन फळीसारखं पडलं होतं. मला पहिल्यांदा जीपची नाही, माझ्या भावाची भीती वाटली.

पुढच्या खेपेला शेजाऱ्याची गाडी मागून घेतली. मशीनवर त्याला लावणारी मुलगी मांद्र्याची, माझीच विद्यार्थिनी. ती सुया जोडण्याआधी नळ्या पाण्यानं भरायची आणि नळीवर बोटानं टिचक्या मारत एकेक बुडबुडा वर पळवायची, कारण त्यातला एखादा रक्तात गेला तर संपलंच. भाईला ते बघायला फार आवडायचं. "बरी मेकॅनिक असा," तो दर वेळी म्हणायचा. त्या दिवशी ती गेल्यावर मी स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसले. नळ्यांमधून त्याचं रक्त फिरत होतं.

"भाई, तुका गॅस्केटचा ठावक होता."

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय."

"मगे सांगूक नाय कित्याक?"

"मी थंय बोललंय." त्यानं हनुवटीनं दिशा दाखवली, पेडण्याची. "शिमेर. गाडी चढता तवसर मी मशीनीर जातलंय. जेदना ती थांबतली तेदना पुरे. मगे माका व्हरूचा नाय, काय नाय. तुका सांगलं असतंय तर तू ऐकाक नसतंस. म्हणान तेका सांगलंय."

म्हणजे दर खेपेला, मी वाफेत तोंड घालून हवा काढत असताना, तो पलीकडे उभा राहून, गाडी कायमची थांबली की मशीनही नको, असा स्वतःच्या मरणाचा करार करत होता. आणि मी घाईघाईनं पाणी ओतून तो करार पुढे ढकलत होते. मला संताप आला. इतका संताप मला माझ्या आयुष्यात कुणाचा आला नसेल. त्या खोलीत मोठ्यानं बोलता येत नव्हतं म्हणून मी त्याच्या कानाशी वाकले.

"मगे त्या दिसा कोलवाळाक आरडलंस कित्याक? काटो खाली इल्लो. मी हसत व्हतंय. तू उगी रवलो असतंस तर दोन मिनटांत इंजिन कायमचा गेला असता. तुझा बोलणा पुरा झाला असता. मगे ‘बंद कर’ म्हणान कोण आरडलो?"

भाईनं डोळे मिटले. मग तो अगदी हळू म्हणाला, "जळता ता इंजिन बगूक जायना गो माका." आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. पाऊण लिटरात न धरलेलं पाणी. मी ते पदरानं पुसलं आणि संध्याकाळी परतताना धारगळला थांबून कल्लाप्पाला सांगितलं, हेड खोल.

आठ दिवस लागले. हेड म्हापशाला लेथवर पाठवून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट बसवलं. कल्लाप्पानं साध्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं, नाक वर करून पुन्हा हवा काढली आणि बुडबुडे सरले ते सरलेच. पहिल्या सकाळी मी झाकण उघडलं तर हिरवं पाणी काठोकाठ होतं, त्यात माझा चेहरा दिसला. भाई ओट्यावरून इंजिनाचा आवाज ऐकत होता. "बरी असा," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता की नाही हे मला ठरवता आलं नाही.

दिवाळीला दोन दिवस होते. नरकासुरांना आता डोकी आली होती, लाल जिभा आल्या होत्या, आणि ते दोन्ही बाजूंनी आमच्याकडे बघत होते. जीप चढाला लागली. काटा मध्यावर, आवाज एकसारखा, घोट नाहीत, वाफ नाही. सातवीण जवळ आली आणि मी पाय दाबला. आज इथे थांबायचंच नाही असं मी घरून ठरवून आले होते.

"थांबय," भाई म्हणाला.

"गरम नाय गाडी, भाई."

"गाडीयेक नाय. थांबय."

मी थांबले. दुपारचे बारा. तो दाराला धरून उतरला, सुजलेले पाय टाकत दगडाशी गेला. या वेळी विडी नव्हती, पाणी नव्हतं. मीही उतरले आणि त्याच्या मागे चार पावलांवर उभी राहिले, कारण बॉनेट उघडायचं काही कारणच उरलं नव्हतं. आणि भाई या वेळी पुटपुटला नाही. त्यानं मोठ्यानं, सरळ गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत आहे. एकानं मागणं बोलायचं आणि मागे उभ्या असलेल्यांनी दर बोलाला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते म्हणणारं कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं नव्हे, नुसतं एका माणसाचं बोलणं. इतके दिवस भाई तिथे एकटाच बोलत होता.

"हे बा देवचारा, शिमेच्या धन्या," भाई म्हणाला. "ह्या लेकरान तुका बोल दिल्लो. गाडी थांबतली तेदना पुरे म्हणान. आता गाडी बरी झाली. ती काय थांबाची नाय. म्हणान आज गाडीचा नाव घेनय नाय. मीच सांगतंय. ही कूड दमली असा. हेका आता सुटको दी."

आणि तो थांबला. हात जोडलेले, मान खाली. तो वाट बघत होता. मागे फक्त मी होते.

सातविणीचा वास इतका दाटला होता की श्वास आत जाईना. एक पान हलत नव्हतं. जीपचं इंजिन मी बंद केलं होतं. त्या शांततेत मला एकच भीती वाटली, आणि ती मी आजही खोटी म्हणणार नाही. मी गप्प राहिले तर माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी "व्हय" म्हणेल. झाडामागून, दगडाजवळून, कुठून तरी. एक क्षण तर असा गेला की कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. शिमेवर उभं राहून असं कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भाईची पाठ ताठ झाली. मी पुन्हा म्हटलं, या वेळी शाळेतल्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. "नाय म्हाराजा. मी हेची धाकटी भयण. माझा मागणा वेगळा असा. एक वाजता हेची मशीन असा, ती हेका मिळाक व्हयी."

मग भाईनं जोडलेले हात सोडले. वळला तेव्हा त्याच्याकडे बघायची मला भीती वाटत होती, पण तो रागावलेला नव्हता. उतारावर सुटलेल्या ट्रकचा ब्रेक लागल्यावर माणूस जसा दिसतो, तसा दिसत होता.

"असा कोण म्हणना नाय गो बाय," तो म्हणाला.

"ठावक असा माका."

तो येऊन आपल्या सीटवर बसला. दार दोनदा ओढून नीट लावलं. मी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, पण ब्रेकवरचा पाय मी आधीच उचलला आणि गाडी जराशी मागे सरकली, दगडाच्या बाजूला.

भाईनं हँडब्रेक धरला. समोर चढाकडे बघत म्हणाला, "पयल्यात घाल."